रांग तिकडे संपते

श्रूजबरी
३ ऑक्टोबर १९९३

श्री. डेस्मंड ओकली यांस,

तुमच्या थर्मासचं झाकण माझ्याकडे आहे. घाबरू नका, सुखरूप आहे. पण ते परत मिळणार नाही. निदान माझा राग जाईपर्यंत तरी नाही, आणि जून जाऊन ऑक्टोबर उजाडला तरी तो जायचं नाव घेत नाहीये.

झालं काय ते तुम्ही विसरला असाल म्हणून सांगते. विम्बल्डनच्या पहिल्या गुरुवारी आपण दरवर्षी चर्च रोडच्या फुटपाथवर रांगेत शेजारी शेजारी असतो. तुम्ही नॉर्विचहून येता, मी इथून. बुधवारी दुपारीच बाडबिस्तरा टाकायचा, रात्र तिथेच काढायची आणि सकाळी सेंटर कोर्टाचं तिकीट घ्यायचं. तुमचा तंबू, माझा तंबू, मधे तुमची छत्री. तुमची म्युरिएल आणि माझे आयव्हर होते तेव्हापासूनचा हा नेम. दोघांनाही टेनिसचा मनस्वी कंटाळा होता, त्यामुळे दोघंही आपापल्या घरी सुखात असायचे.

या वर्षी माझी बस रस्त्यात बंद पडली. मी पोचले ती दुसऱ्या दिवशी सकाळी, घामाघूम, केसांच्या पार झिपऱ्या झालेल्या. तुम्ही नेहमीच्या जागी, पहिल्या दिव्याच्या खांबापाशी, घडीच्या स्टुलावर. मला पाहून उठलात, थर्मासच्या झाकणात चहा ओतलात, माझ्या हातात दिलात. मला वाटलं, चला, माणसाला पाझर फुटला. मी पिशवी खाली टेकवणार एवढ्यात तुम्ही तळहात वर केलात, लॉरी थांबवावी तसा, आणि म्हणालात, "मिसेस पार्फिट, रांग तिकडे संपते."

सगळ्या फुटपाथने ऐकलं! एक पोरगी तर फिसकन हसली.

मी निमूट गेले, हातात झाकण तसंच. माझी पाळी यायच्या कितीतरी आधी सेंटर कोर्टाची तिकिटं संपली. नुसतं आत जायचं तिकीट मिळालं, त्यावर दिवसभर उन्हात चौदा नंबरच्या कोर्टाशी बाकावर बसून दुहेरीचा सामना पाहिला, आणि त्यातला एक चेंडू थेट माझ्या सँडविचवर आला. तुम्ही तेव्हा सेंटर कोर्टात सावलीला बसून स्ट्रॉबेरी खात असाल. खा! पचली असेल तर बरं.

ग्लेनिस पार्फिट

ता. क. थर्मास सध्या कशाने झाकता?

---

नॉर्विच
१९ ऑक्टोबर

माननीय मिसेस पार्फिट,

आपलं ३ तारखेचं पत्र पावलं. थर्मास सध्या बशीने झाकतो. बशी घसरते.

रांगेबाबत. कोणी कोणासाठी जागा धरायची नाही, हा नियम माझा नसून रांगेचा आहे. माझ्यामागे कितीतरी माणसं रात्रभर दवात झोपली होती. आपल्याला मधे घेतलं असतं तर त्यातल्या कोणा एकाचं सेंटर कोर्ट हुकलं असतं, आणि त्याला मी काय तोंड दाखवलं असतं? मी जन्मभर गाडीच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या. ओळखदेख पाहिली नाही. आमच्या चर्चच्या पाद्रीबुवांना मी दोनदा नापास केलं. दुसऱ्यांदा तर केवळ आरशात न पाहिल्याबद्दल. ते आजही माझ्या घरावरून सायकलने जातात, आणि वळताना हात दाखवतात.

मी दिवसभर सावलीत होतो हे मात्र बरोबर नाही. तिसऱ्या सेटनंतर पाय मोकळे करायला बाहेर पडलो होतो. अंडं आणि हळिवाची कोवळी पालवी घातलेलं इतकं चांगलं सँडविच वाया गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

झाकण पाठवावं ही विनंती. टपालाची तिकिटं सोबत जोडली आहेत.

आपला विश्वासू,
डेस्मंड ओकली

---

श्रूजबरी
१२ डिसेंबर

ओकलीसाहेब,

सापडलात! सँडविच अंड्याचं होतं हे मी तुम्हाला कधी कळवलं हो? माझं पत्र तुम्ही जपून ठेवलं असणारच, काढा आणि बघा. नुसतं "सँडविच" लिहिलंय. हळिवाच्या पालवीचा तर उल्लेखसुद्धा नाही.

म्हणजे सेंटर कोर्टातली जागा सोडून, एवढी गर्दी तुडवत, तुम्ही चौदा नंबरपाशी येऊन उभे होतात. आणि साधी एक हाक मारता आली नाही? दडला होतात तरी कुठे? कुंपणाच्या झुडपात? मला हे कळल्यापासून मी स्वयंपाकघरात एकटीच हसतेय. राग अर्धा गेलाय, पण झाकण मिळणार नाही, ते आता मला आवडायला लागलंय. तिकिटं वापरून टाकली.

आणि हे "आपला विश्वासू" काय आहे? बँकेला लिहिताय का? आमच्याकडे आयव्हरच्या वेळी एक कुत्रा होता, तो विश्वासू होता. तुम्ही दुसरं काहीतरी शोधा.

आता जरा गंभीर. माझी मुलगी कॅरिस न्यू झीलंडला वेलिंग्टनमध्ये असते, हे तुम्हाला माहीत आहे. ती म्हणतेय, आई, आता कायमची इकडे ये. माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय, पिवळी. लोकरीचं दुकान तर मी उन्हाळ्यातच बंद केलं. घराला गिऱ्हाईक मिळेल. जून संपायच्या आत हो की नाही ते सांग म्हणते, म्हणजे तिला विमानाचं तिकीट काढता येईल.

मला काही सुचत नाही. इथे मला थांबवण्यासारखं काय आहे, असं मी रोज सकाळी स्वतःला विचारते. आज तुम्हाला विचारतेय. नीट विचार करा, घाई नाही, आणि मग उत्तर द्या.

ग्लेनिस
(नुसतं ग्लेनिस म्हटलंत तरी रांग मोडणार नाही.)

---

नॉर्विच
९ जानेवारी १९९४

माननीय मिसेस ग्लेनिस पार्फिट,

झुडूप नव्हे, गुणफलकाची मागची बाजू. हाक मारणं बरं दिसलं नसतं, खेळ चालू होता.

आपल्या प्रश्नावर, आपण सांगितल्याप्रमाणे, मी नीट विचार केला. त्यासाठी वाचनालयातून न्यू झीलंडवरची दोन पुस्तकं आणली. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. हवा उत्तम. भूकंप होतात, पण बहुतेक लहान. लोक शिस्तीचे वाटतात, एका फोटोत पोस्टासमोरची रांग दिसते, ती अगदी सरळ आहे. मुलगी जवळ असणं ही मोठीच गोष्ट. मी आणि म्युरिएल दोघंच होतो, त्यामुळे आता घर फार मोठं वाटतं, पण तो इथे मुद्दा नाही.

सर्व बाजू तपासून पाहता, इथे आपल्याला थांबवण्यासारखं काही मला आढळलं नाही. आपण जावं.

मी नवीन थर्मास घेतला. त्याला दोन कप आहेत. दुकानात होता तसा घेतला.

आपला विश्वासू,
डेस्मंड ओकली

---

श्रूजबरी
२ मे

श्री. ओकली,

आभारी आहे. एवढी दोन पुस्तकं वाचून सल्ला दिलात, तो वाया कसा घालवू? घरासमोर विक्रीची पाटी लागली. एक जोडपं येऊन परसदार मोजून गेलं. कॅरिसला या महिनाअखेरीस कळवते, नाहीतर पुढच्या.

इतकी वर्षं शेजारी तंबू टाकून बसलो. तुमच्या तोंडून "लव्ह" हा शब्द मी फक्त गुण मोजताना ऐकला, आणि तेव्हाही त्याचा अर्थ शून्यच होता. चूक माझीच, तुम्हाला प्रश्न विचारायला गेले. तुम्ही आपले गुण द्यायला बसलात.

जूनमध्ये येईन. शेवटचंच. झाकण पार्सलने पाठवणार होते, पण डबा मिळाला नाही, प्रत्यक्षच देईन.

आपली विश्वासू,
जी. पार्फिट

---

नॉर्विच
१६ जून

माननीय मिसेस पार्फिट,

आपलं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तरं लिहिली होती, पण ती पोस्टात टाकण्याजोगी नव्हती.

हे पत्र केवळ प्रवासाबाबत. काल रेल्वेच्या सिग्नलवाल्यांनी संप केला, तो आपण वाचला असेलच. पुढच्या बुधवारीही करणार म्हणतात. म्हणजे नेमका आपला निघायचा दिवस. शक्य तर मंगळवारी निघावं. मी मंगळवारीच जाऊन बसणार आहे. दोन रात्री फुटपाथवर काढाव्या लागतील, पण संपावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याला उशीर झाला तर जागा धरता येणार नाही, हे आधीच सांगतो. धरता येईल का, यावर मी दोन दिवस विचार केला. नाही येत.

न्यू झीलंड नकाशात पाहिलं. फारच खाली आहे. त्याच्याखाली कागदच संपतो.

आपला विश्वासू,
डेस्मंड ओकली

---

श्रूजबरी
२५ जून

कॅरिस बाळा,

तू फोनवर विचारलंस, "आई, तिकीट कधीचं काढू?" आणि मी म्हटलं, "पत्राने कळवते." तू चिडलीस, मला ऐकू आलं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, मधेच हसू आलं असतं आणि मधेच दुसरं काहीतरी. तेव्हा चहा घे आणि बस.

त्या ओकलींनी मला कळवलं होतं की बुधवारी संप आहे, मंगळवारी निघा. मी मुद्दाम निघाले नाही. म्हटलं, त्यांचं ऐकायला मी काय त्यांची विद्यार्थिनी आहे? व्हायचं तेच झालं. बुधवारी गाड्या बंद, सगळा देश बसच्या थांब्यावर. कशीबशी बर्मिंगहॅमला आले, तिथून रात्रीची बस मिळाली, आणि गुरुवारी सकाळी मी चर्च रोडला उतरले तेव्हा रांग पार कोपऱ्यापलीकडे गेलेली. गेल्या वर्षीसारखीच माझी दशा. फक्त या वेळी चहाची आशा नव्हती.

ओकली पहिल्या खांबापाशी होते. दोन रात्री काढून दाढी वाढलेली, टाय मात्र जागेवर. मी ठरवलं होतं, बघायचंच नाही. मान ताठ करून त्यांच्यासमोरून चालायला लागले. ते उठून उभे राहिले आणि तोंड उघडलं. मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. रांग तिकडे संपते." आणि त्यांचं झाकण त्यांच्या स्टुलावर आपटून पुढे गेले.

खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, संपलं एकदाचं. आता पिवळी खोली.

शेवटाला जाऊन उभी राहिले. माझ्यामागे लगेच रात्रपाळी संपवून आलेल्या दोन नर्सा आल्या, मग रेडिओ कानाला लावलेला एक जाडा गृहस्थ, मग लीड्सची दोन पोरं. थोड्या वेळाने बघते तर रांगेतल्या माना एकेक करून मागे वळताहेत. पुढून ओकली येत होते. काखेत गुंडाळलेला तंबू, एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात छत्री आणि थर्मास. पुढून मागे! अगं, पहिल्या खांबापासून उठून कोणी मागे आलेलं या रांगेने कधी पाहिलं नसेल. देखरेखीवरचा म्हातारा स्वयंसेवक त्यांच्यामागे धावत होता. "साहेब, बरं वाटत नाहीये का? डॉक्टर बोलावू? अहो, तुम्हाला सेंटर कोर्ट मिळतंय!"

"मला बरं वाटतंय," ओकली म्हणाले. "मी शेवटाला चाललोय."

माझ्यापाशी आले, थांबले. मला वाटलं, आता उभे राहतील शेजारी. तर म्हणतात कसे, "रांग इथे संपते का?"

मी म्हटलं, "संपत होती. आता त्या पोरांच्या मागे."

मान डोलावली, आणि गेले की गं त्या पोरांच्या मागे! पोरं म्हणाली, "आजोबा, जा ना पुढे, आमची हरकत नाही." हे म्हणाले, "तुमची नसेल. पण तुम्ही आधी आलात." असे पाच जण आमच्या मधे, आणि हा माणूस टाचा उंचावून माझ्याकडे बघतोय.

मग ते ओरडले. ज्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, तो चर्च रोडवर ओरडला, "मिसेस पार्फिट, न्यू झीलंडला जाऊ नका!"

जाड्याने रेडिओ बंद केला.

मीही ओरडले, "का?"

"फार लांब आहे!"

"ते मला माहितीये! पुढे बोला!"

"तिथे भूकंप होतात!"

एक नर्स मला म्हणाली, "बाई, हे काही मुद्द्यावर येत नाहीत." आणि दुसरी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "काका, सांगून टाका की एकदाचं! आम्हाला झोप आलीय."

ओकली लाल झाले. त्यांनी थर्मास वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाले, "याला दोन कप आहेत. दुसऱ्यातून प्यायला कोणी नाही."

कॅरिस, तुझ्या बाबांनी मला मागणी घातली तेव्हा गुडघ्यावर बसून कविता म्हटली होती, आणि मी हसले होते. या वेळी मला हसता येईना. मी पिशवी उचलली आणि नर्सांना म्हटलं, "जा गं पुढे, माझी जागा तुम्हाला." आणि मागे गेले.

पण तेवढ्यात ओकलींच्या मागे एक अख्खं कुटुंब येऊन उभं राहिलं होतं, बाबागाडीसकट. मी ओकलींशेजारी उभी राहणार, तोच त्यांनी तळहात वर केला. तोच! लॉरी थांबवणारा! मी म्हटलं, "ओकली, आता जर तुम्ही मला सांगितलंत ना, की रांग तिकडे संपते..."

"तिकडेच संपते," ते म्हणाले. "पण मी येतोय." आणि त्यांनीही जागा सोडली, स्टूल मला धरायला दिलं, आणि आम्ही दोघं बाबागाडीला वळसा घालून मागे चालायला लागलो. तोवर आणखी माणसं येतच होती. आम्ही चालतोय, रांग वाढतेय, लीड्सची पोरं टाळ्या वाजवताहेत. शेवट सापडेपर्यंत मला चांगलाच दम लागला.

तिथे तो स्वयंसेवक आमच्याआधी पोचला होता. बिचारा घाम पुसत होता. त्याने नेहमीचंच विचारलं, दिवसभर सगळ्यांना विचारतो ते. "आधी कोण? की एकत्र आहात?"

ओकली माझ्याकडे वळले. टाय सरळ केला. म्हणाले, "ग्लेनिस?"

पहिल्यांदाच गं, इतक्या वर्षांत.

मी म्हटलं, "एकत्र."

सेंटर कोर्टाचं नाव सोड, आत शिरायलाच दुपार उलटली. चौदा नंबरच्या कोर्टाशी बाकावर बसलो. मी अंड्याची सँडविचं नेली होती, आणि सामना संपेपर्यंत ते माझ्या सँडविचवर छत्री धरून बसले. मागचा माणूस ओरडत होता, "छत्री खाली करा!" हे म्हणाले, "क्षमा करा, इथे पूर्वी अपघात झालेला आहे."

विक्रीची पाटी काढायला सांगितलीय. परसदार मोजून गेलेलं जोडपं नाराज झालं. तूही होशील, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तू एवढ्या हौसेने खोली रंगवलीस, आणि तुझी आई या वयात फुटपाथवर रमली. पण नाताळात आम्ही येतो, दोघं. पिवळी खोली मला बघायचीय. त्यांना तुमच्या पोस्टासमोरची रांग बघायचीय, फोटोवर त्यांचा पूर्ण विश्वास नाही.

जावईबापूंना सांग, गाडी चालवताना आरशात बघत जा. नाताळात मागच्या सीटवर कोण बसणार आहे ते कळेलच.

तुझी,
आई

---

नॉर्विच
१ जुलै

प्रिय ग्लेनिस,

सुखरूप पोचलो. थर्मासचं जुनं झाकण तू स्टुलावर आपटलंस त्याला टवका उडाला आहे. असू दे. ते मी तुझ्याकडेच ठेवायला आणतो.

दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत. जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की दोन कपांचा थर्मास दुकानात होता तसा घेतला. दुकानात एक कपाचाही होता. दुसरी गोष्ट, तुला इथे थांबवण्यासारखं काही मला आढळलं नाही, असं मी त्याच पत्रात म्हटलं होतं. सर्व बाजू तपासल्या, पण आरशात पाहिलं नव्हतं. त्याबद्दल मी दुसऱ्याला नापास केलं असतं.

पाद्रीबुवांना आज ही हकिकत सांगितली. ते सायकलवरून पडता पडता वाचले. नंतर म्हणाले की तारीख ठरली की कळवा, आणि मला शंका आहे की ते आपल्या दोघांची परीक्षा घेणार आहेत, निदान माझी तरी.

शनिवारी येतो. गाडीत जागा मिळेल तिथे बसेन.

खाली नेहमीप्रमाणे लिहिलं आणि मग एक शब्द खोडला. खाडाखोडीची मला सवय नाही, तेव्हा सांभाळून घे.

आपला,
डेस्मंड